सोलापूरच्या पेठा जेवणातून ओळखायच्या असतील तर : क्रम, वेळा आणि नेहमीच्या चुका

सोलापूर खायला येणारी बहुतेक मंडळी एकाच वाटेने जातात. स्टेशनवर उतरायचं, सात रस्त्याच्या बाजूला एखादं मोठं हॉटेल गाठायचं, मटण थाळी मागवायची, शेंगा चटणीचं पाकीट घ्यायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. पोट भरतं, तक्रार काहीच नसते. पण या शहरात तेलंगणातून आलेला विणकर काय खातो, सावजींचा रस्सा कुणाच्या घरातून आला, विजापूर वेशीतल्या दालच्यात चिंच का असते, यातलं काहीही त्या वाटेवर भेटत नाही.

दुसऱ्या टोकाची मंडळी यादी घेऊन येतात आणि एका दिवसात सहा ठिकाणी खातात. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर होते आणि पुढची तिन्ही ठिकाणं सारखीच लागतात.

दोन्ही चुकांचं मूळ क्रमात आहे. बाहेरून आलेल्या माणसांनी आपल्या जेवणातलं काय राखलं आणि काय बदललं, हे कळायला इथलं मूळ ताट आधी जिभेवर यावं लागतं. ते सोडून थेट 'तेलुगू जेवण कुठं मिळतं' म्हणून फिरणाऱ्याला फरक दिसतच नाही. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ संपेपर्यंतचा वेळ लागतो.

हॉटेलांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. खानावळीचा आचारी बदलला की खानावळ बदलते आणि जुन्या नावावर विश्वास ठेवून गेलेला माणूस फसतो. पेठ, वेळ आणि पदार्थ ही तीन टोकं हातात असली की आजचं चांगलं दार आजच्या लोकांना विचारून सापडतं.

## १. कोणाच्या ताटाच्या शोधात आहात ते आधी लिहून काढा

घरून निघण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर चार ओळी लिहा.

पहिली ओळ ज्वारीच्या ताटाची, म्हणजे इथल्या मराठी-कन्नड जेवणाची. दुसरी शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांची. तिसरी सावजींची, म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची. तेही विणकामातलेच. चौथी विजापूर वेशीच्या आसपासच्या दखनी मुसलमानी जेवणाची. चाटी गल्लीतल्या कापड बाजाराभोवती मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांची फरसाणाची दुकानं आहेत. ती वाटेत होतात, त्यांना वेगळी फेरी नको.

आता तीन गैरसमज इथेच खोडून टाका, नाहीतर पुढे प्रत्येक गप्पेत ठेच लागेल.

कन्नड बोलणारे सोलापूरकर हे स्थलांतरित नव्हेत. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर याच गावचे आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. बाळीवेशीतल्या एखाद्या आजोबांना 'तुम्ही कर्नाटकातून कधी आलात?' असं विचारलं तर ते शांतपणे उत्तर देतील, पण पुढची गप्पा तिथेच संपेल.

तेलुगू म्हणजे आंध्र नव्हे. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची मूळ गावं मुख्यतः तेलंगणात आहेत. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा ही नावं तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतील. किनारपट्टीच्या आंध्रातल्या थाळीची अपेक्षा घेऊन गेलात तर निराश व्हाल.

तेलुगू म्हणजे फक्त पद्मशालीही नव्हे. विणकरांतच तोगटवीर आहेत, कुरुहीनशेट्टी आहेत. तिकडे लष्कर भागात तेलुगू बोलणारा मोची समाज आहे. एका घरात मिळालेलं उत्तर सगळ्या तेलुगू सोलापूरचं म्हणून खपवू नका.

## २. दिवस निवडा, आणि तो पंचांग बघून निवडा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. सुट्टी बघून येतात, महिना बघत नाहीत.

श्रावणात मटणाच्या खानावळी एकतर बंद असतात किंवा अर्ध्या मनाने चालतात. सोमवारी ग्रामदैवत सिद्धेश्वरामुळे शाकाहार पाळणारी घरं भरपूर आहेत. एकादशी आणि चतुर्थीही बघून घ्या. सामिष खायचं असेल तर बुधवार, शुक्रवार, रविवार हे सरळ दिवस. त्यातही रविवारी दुपारी खानावळीत पाय ठेवायला जागा नसते आणि मालकाला तुमच्याशी बोलायला क्षणभर उसंत नसते. मी बुधवारची शिफारस करतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. त्या दिवसांत दुपारी अकरानंतर पेठांमध्ये पायी फिरण्याचा हट्ट करू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ज्वारी शिवारात असते, हुरडा मिळतो आणि रस्सा अंगावर येत नाही.

काही दिवस मात्र नेहमीच्या नियमांपलीकडचे आहेत :

- आषाढ. पूर्व भागात पोचम्मासारख्या ग्रामदेवतांचे नैवेद्य निघतात. घरोघरी सामिष जेवण असतं, त्यामुळे खानावळीपेक्षा ओळखीचं घर महत्त्वाचं.
- नारळी पौर्णिमा. मार्कंडेय महामुनींची रथयात्रा निघते. पद्मशाली समाज रस्त्यावर असतो. भेटीगाठींना हा दिवस उत्तम, जेवायला कच्चा.
- भाद्रपद अमावास्या ते दुर्गाष्टमी. बतुकम्मा, म्हणजे तेलंगणातल्या बायकांचा फुलांचा सण. शेवटच्या दिवशी चिंचेचा भात, दहीभात, तिळाचा भात, लिंबाचा भात असे भाताचे प्रकार घरात होतात. हॉटेलात ते शोधू नका.
- रमजान. विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री भरतो. चौथ्या ओळीसाठी याहून चांगला काळ नाही, पण जायचं ते इफ्तारीनंतर.

तपासा : ठरवलेला दिवस श्रावणात येतो का? सोमवार आहे का? संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस आहेत का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं तरच तिकीट काढा.

## ३. सोबत, सुटे पैसे आणि रिकामं पोट

तीन किंवा चार माणसं असावीत. एकट्याला एका ताटापलीकडे काही चाखता येत नाही आणि सात-आठ जण शिरले की छोट्या खानावळीचा तोल जातो. कुणीही तुमच्याशी निवांत बोलत नाही. सोबत एक स्त्री असेल तर उत्तम. पूर्व भागातल्या घरगुती जेवणाची खरी माहिती बायकांकडे आहे आणि त्या अनोळखी पुरुषांच्या घोळक्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत. बोलाव्यात अशी अपेक्षाही करू नये.

दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा. मोबाइलवरून पैसे आता गाड्यावरही घेतात, पण सकाळी सातला गर्दीच्या गाड्यावर रेंजची वाट बघत उभं राहणं म्हणजे सगळ्यांचा खोळंबा. झाकणाचा एक डबा, पाण्याची बाटली आणि खिशात मावणारी वही घ्या.

आदल्या रात्री हलकं जेवा. दोन जेवणांत किमान पाच तासांचं अंतर ठेवा आणि ते पायी चालून भरून काढा. तिखटाची सवय नसेल तर ताक हाच खरा उपाय. थंड पाण्याने तिखट उतरत नाही.

## ४. पहिला थांबा जेवणाचा नाही : चार पुतळ्यांचा चौक

पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पार्क मैदानाजवळच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. नावं मोठ्याने वाचा. लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा. तुमच्या कागदावरच्या ओळींचा अर्धा नकाशा इथेच मिळतो, म्हणून सुरुवात इथून करायची.

तिथून पायी बाळीवेशीकडे निघा. वाटेत नवी पेठ, मधला मारुती, चाटी गल्ली असा बाजाराचा भाग लागेल. दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं वाचत चला. मारवाडी-गुजराती आडनावं कापडाच्या आणि फरसाणाच्या दुकानांवर दाटलेली दिसतील. वाटलं तर एक कचोरी तिघांत खा. इथे पोट भरू नका.

सावध : भर बाजारात गाडी नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी लावायच्या शोधात तासभर जातो. रिक्षा बाहेर सोडा आणि चालत शिरा.

## ५. पहिलं ताट ज्वारीचं

दुपारी साडेबाराच्या आत बाळीवेस आणि कस्तुरबा मंडईच्या आसपासच्या एखाद्या शाकाहारी लिंगायत खानावळीत बसा. कुठली, हे मंडईतल्या हमालाला किंवा भाजीवालीला विचारा. 'भाकरी हातावरची कुठं मिळते?' एवढाच प्रश्न पुरे.

ताटात काय असावं? ज्वारीची भाकरी, मऊ आणि कडक दोन्ही मागा. शेंगा चटणी आणि वर दही. भरली वांगी, कन्नड घरांत जिला एण्णगाई म्हणतात ती. एखादी मोडाची उसळ, झुणका, ठेचा, कांदा. सण असेल तर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असेल तर भाकरीला गोडसर चव असते. तिला 'मंगळवेढा ज्वारी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. 'ज्वारी कुठली?' हे विचारायला अजिबात संकोच करू नका, मालक खूश होतात.

आता जेवताना तीन गोष्टी जिभेत पक्क्या करा. पुढच्या दोन दिवसांचं मोजमाप यांच्यावर चालणार आहे.

शेंगदाणा. चटणीत तो उखळात कुटलेला असतो आणि स्वतःच्या तेलाने ओलसर होतो. भाजीच्या रश्शालाही शेंगाकुटाचा दाटपणा असतो. चटणी कोरडी आणि भुरभुरीत असेल तर ती कुटलेली नाही, मिक्सरची आहे.

तिखट. काळ्या मसाल्याचं, मागाहून चढणारं.

आंबटपणा. या ताटात तो कमी असतो. दही आणि ताक सोडलं तर आंबट असं फार काही नाही. ही गोष्ट वहीत लिहा.

इथे एक इशारा मनापासून द्यायचा आहे. भाकरी दिसली म्हणजे 'हे इथलं', भात दिसला म्हणजे 'हे तिकडचं' असा हिशेब लावू नका. तेलंगण हाही ज्वारीचा मुलूख आहे. तिकडच्या घरात जोन्न रोट्टे पिढ्यान्‌पिढ्या होते. म्हणजे विणकर सोलापुरात आला तेव्हा भाकरी त्याला नवीन नव्हती. तेलुगू ताट ओळखायचं ते आंबटावरून. चिंच किती आहे, अंबाडी आहे का, आणि पातळ आंबट सार भातावर ओतलं जातं का, हे बघा. धान्यावरून ओळखायला जाणारे नव्वद टक्के वेळा चुकीचं लिहितात, आणि मग तेच लिखाण पुढे फिरत राहतं.

तपासा : तीन नोंदी झाल्या का? नसतील तर ताक पीत दहा मिनिटं बसा आणि करा. संध्याकाळपर्यंत चव डोक्यात राहत नाही.

## ६. रात्री सावजी, पण नागपूरचा चष्मा काढून

दुपारनंतर विश्रांती घ्या. सिद्धेश्वर तलावाकाठी एक फेरी मारा. रात्री आठच्या आत सावजी खानावळीत बसा. नऊनंतर चांगले तुकडे संपतात, रस्सा पाणी घालून वाढवलेला मिळण्याची शक्यता असते आणि काही ठिकाणी पिणाऱ्यांची गर्दी होते. कुटुंबाबरोबर असाल तर आत शिरण्याआधी 'फॅमिलीची सोय आहे का?' हे विचारून घ्या.

सावजी म्हटलं की लोकांना नागपूर आठवतं. तिथली सावजी खानावळ हलबा कोष्टी समाजाची. सोलापूर, हुबळी, गदग या पट्ट्यातले सावजी म्हणजे सहस्रार्जुन क्षत्रिय समाज. दोन्ही विणकर, दोघांचंही नाव तिखटासाठी घेतलं जातं, पण समाज वेगळे आणि रस्साही वेगळा. सोलापूरच्या सावजींच्या जुन्या घरांत मराठीहून आणि कन्नडहून निराळी अशी खत्री बोली बोलली जाते. आपण मूळचे नर्मदेकाठचे, सहस्रार्जुनाच्या माहिष्मतीचे, अशी त्यांची परंपरा सांगते.

मागवायचा क्रम असा :

1. आधी फक्त रस्सा, वाटीत, वेगळा. एक घोट भाकरीशिवाय घ्या.
2. मग खिमा उंडे, म्हणजे खिम्याचे गोळे. समाजाच्या घरची ओळख मटणाच्या तुकड्यांपेक्षा या गोळ्यांत जास्त कळते. गोळा रश्शात फुटता कामा नये आणि आत कोरडाही राहता कामा नये.
3. त्यानंतर मटण आणि ज्वारीची भाकरी.
4. शेवटी थोडा भात. रस्सा भातावर घेतला की मसाल्यातलं काय राहिलं होतं ते कळतं.

थेट 'सावजी थाळी' मागितली तर सगळं एकत्र येतं आणि पहिल्या घासात सगळं एकाच तिखटाखाली दबतं.

आता दुपारची नोंद काढा. शेंगाकुटाचा दाटपणा इथेही जाणवतो का? काळा मसाला ओळखीचा लागतो का? भाकरी तर तीच आहे. बाहेरून आलेल्या समाजाने सोलापूरच्या जमिनीतून काय उचललं ते इथे जिभेवर येतं, आणि दुपारचं ताट आधी का घ्यायचं हेही.

सावध : 'सावजी' ही पाटी कुणीही लावतो. बसण्याआधी साधा प्रश्न विचारा : 'मालक, घरचे सावजी का?' घरचे असतील तर उत्तर लगेच आणि अभिमानाने येतं. पाटीपुरते असतील तर 'आपल्याकडे सगळं मिळतं' असं येतं.

## ७. दुसरी सकाळ : पूर्व भाग, पहिला हात

या टप्प्यासाठी सर्वात जास्त वेळ ठेवा. पूर्व भाग एका फेरीत होत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जावंच लागतं, कारण दोन्ही वेळची खाणारी माणसं वेगळी असतात.

सकाळी सातच्या सुमारास रिक्षाने कन्ना चौक गाठा. तिथून साखर पेठ, अशोक चौक, दाजी पेठेतलं व्यंकटेश्वराचं मंदिर, भवानी पेठ असं जमेल तितकं पायी फिरा. कन्ना, कोंतम, गेंट्याल अशी चौकांची नावं तेलुगू आडनावांवरून आहेत. दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसू लागली आणि गल्लीतून मागांची खटखट कानावर आली की योग्य जागी पोचलात. यंत्रमाग सगळे इथेच आहेत असं मात्र समजू नका, अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने आहेत. आणि विडी कामगारांची मोठी वस्ती तर शहराबाहेर कुंभारीला गेली आहे. गोदूताई परुळेकर विडी घरकुलात दहा हजारांवर घरं आहेत. पूर्व भागात 'जुन्या शेजारच्या मावशी आता कुठं राहतात?' याचं उत्तर अनेकदा तिकडचंच येतं.

सकाळी खायचं ते गाड्यावर. इडली, वडा, डोसा, मिरची भजी. तुम्ही म्हणाल, हे तर सगळ्या शहरांत मिळतं. बरोबर आहे, म्हणून पदार्थापेक्षा सोबतच्या चटणीकडे लक्ष द्या. नुसती खोबऱ्याची आहे की शेंगदाण्याची? पातळ, चिंचेकडे झुकणारी आहे का? सांबार डाळीचं दाट आहे की सारासारखं? कालच्या ताटात नसलेला आंबटपणा इथे पहिल्यांदा भेटतो. वहीत त्याच पानावर, कालच्या नोंदीशेजारी लिहा.

मग कॅन्टीनला बसा. चहाच्या दुकानाला सोलापुरात कॅन्टीन म्हणतात आणि पूर्व भागातली अर्धी माहिती तिथेच मिळते. अर्धा चहा मागवा, पेपर उचला, लगेच प्रश्न विचारू नका. दुसऱ्या चहाला शेजारचा माणूस स्वतःच विचारतो : 'कुठनं आलाव?'

आता खरी अडचण सांगतो. तुम्ही जे तेलंगणाचं घरगुती खाणं शोधत आहात ते हॉटेलच्या पाटीवर जवळजवळ नसतं. तांदळाच्या पिठाची, तीळ-ओव्याची, संक्रांतीला होणारी सकिनालु. तव्यात किंवा पातेल्याच्या तळाला थापून भाजलेली सर्वपिंडी. अंबाडीची भाजी, जिला तिकडे पुंटिकूर म्हणतात. चिंचेचं न उकळलेलं सार, पच्ची पुलुसु. हे सगळं घरात होतं. कारणही साधं आहे. खानावळी आणि गाडे उभे राहिले ते मागावरच्या पुरुषांची भूक भागवायला. पाळीच्या आधी झटपट पोटभर, पाळी सुटल्यावर झणझणीत. घरचा स्वयंपाक बायकांच्या हाती राहिला आणि त्या बायका दिवसभर विड्या वळत होत्या. त्यांच्या पदार्थांना दुकान काढायला सवड कुणाला होती?

म्हणून हे पदार्थ मिळवायचे तीन मार्ग आहेत. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात पूर्व भागातल्या फराळाच्या दुकानांत सकिनालु विचारा. बचत गटांची विक्री कुठं भरते ते कॅन्टीनमध्ये विचारून घ्या. आणि ओळख झाली असेल तर एखाद्या घरी पैसे देऊन, दोन दिवस आधी सांगून डबा करून मागा. तिसऱ्या मार्गात संकोच वाटतो, पण फुकट जेवण्यापेक्षा कष्टाचे पैसे देणं केव्हाही बरं. 'अक्का, काय द्यायचं?' असं सरळ विचारा आणि सांगितलेल्या रकमेवर घासाघीस करू नका.

सावध : दारात बसून विड्या वळणाऱ्या बायकांचे फोटो काढू नका. परवानगी मागूनही शक्यतो काढू नका. त्या कामात असतात, हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि तुमच्यासाठी मान वर करण्यात त्यांचा वेळ जातो. मागाच्या शेडमध्येही मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. धोटा आणि पट्टे फिरत असतात, सैल ओढणी किंवा उपरणं अडकू शकतं.

## ८. दुपारी विजापूर वेस

साडेबारा-एकच्या सुमारास विजापूर वेशीकडे या. शुक्रवार असेल तर जुम्म्याच्या नमाजाची वेळ टाळा, त्या वेळी रस्ता गर्दीचा असतो आणि काही दुकानं तेवढ्यापुरती बंद असतात. इथलं जेवण सगळंच 'स्थलांतरितांचं' म्हणून नोंदवू नका. दखनी मुसलमान घरं सोलापुरात शतकानुशतकं आहेत, किल्ल्याइतकी जुनी. हैदराबाद आणि विजापूर दोन्हीकडून नाती आणि आचारी ये-जा करत राहिले, एवढं लिहिणं योग्य.

बिर्याणी सगळे मागवतात. तुम्ही दालचा आणि बगारा भात मागवा. दालच्यात डाळ, मटण, दुधी भोपळा आणि चिंच असते. बगारा म्हणजे खड्या मसाल्याच्या फोडणीचा भात. सकाळच्या चटणीतला आंबटपणा आणि इथला आंबटपणा शेजारी ठेवा. तेलंगण आणि हैदराबाद ही एकाच निजामाच्या मुलखातली, हे इथे पुस्तकाशिवाय कळतं. बिर्याणी एक प्लेट तिघांत पुरे.

ही फेरी लवकर आटोपते. तासाभरात उठा, कारण संध्याकाळसाठी पोटात जागा हवी.

## ९. संध्याकाळी पुन्हा पूर्व भाग, पाळी सुटताना

पाळी सुटायची वेळ सकाळी कॅन्टीनमध्ये विचारून ठेवा, कारखान्यागणिक ती वेगळी असते. त्या वेळेच्या अर्धा तास आधी चौकात पोचा. तव्यावर बोटी, म्हणजे बकऱ्याची आतडी, परतायला लागलेली असते. तलकाय म्हणजे डोक्याचं मटण, काळ्ळु म्हणजे पाय. ही नावं वापरून मागितलंत की समोरच्याचा चेहरा बदलतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने बोटीपासून सुरुवात करावी, तीही कमी तिखट सांगून.

तपासा : बोटी नीट धुतलेली आहे का हे वासावरून लगेच कळतं. गाड्याजवळ उभं राहिल्यावर उग्र वास आला तर पुढच्या गाड्यावर जा. तवा सतत चालू आहे, कामगारांची रांग आहे, लिंबू-कांदा समोर चिरला जातोय, असा गाडा निवडा. रिकामा गाडा कितीही स्वच्छ दिसला तरी सोडून द्या.

## १०. विचारायचं कसं, आणि काय विचारायचं नाही

वेळ आधी. गर्दीत विचारू नका. बिल दिल्यावर, हात धुऊन झाल्यावर, मालक गल्ल्यावर टेकल्यावर विचारा. पूर्व भागात आणि बाळीवेशीत 'अण्णा' आणि 'अक्का' दोन्हीकडे चालतं. विजापूर वेशीत 'चाचा'. सावजी खानावळीत 'मालक' किंवा 'काका'.

'तुमची जात कोणती?' हा प्रश्न कधीच नको. 'मूळ गाव कुठलं?' असाही एकदम नको. असे विचारत जा :

- हा मसाला घरी कोण करतं?
- चिंच, अंबाडी कुठून आणता?
- सणाला घरी काय होतं, जे इथे विकत नाही?
- घरी आजी कुठल्या भाषेत बोलायची?
- गावाकडं अजून जाणं होतं का?

शेवटच्या दोन प्रश्नांत गाव, पिढी आणि कधी कधी कारखान्याचं नावही आपोआप येतं. 'आमचं शहरातलं पहिलं' असं कुणी म्हणालं तर ऐका, मान डोलवा आणि वहीत 'मालकाच्या म्हणण्याप्रमाणे' असं जोडून लिहा. तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच गोष्ट सांगितली तरच ती पक्की धरा.

प्रत्येक थांब्याची नोंद एका पानावर : तारीख, पेठ, पदार्थ, कोण रांधतं, धान्य कुठलं, आंबट कशाचं, दाटपणा कशाचा, घरची भाषा. त्याच रात्री लिहा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर मोबाइल टेबलावर दिसेल असा ठेवा आणि आधी सांगा.

## ११. दुसरी फेरी कुठली घ्यावी

एका फेरीत कागदावरच्या चारही ओळी पूर्ण होत नाहीत. ज्या ओळीपुढे 'कोण रांधतं' हा रकाना रिकामा राहिला, तिच्यासाठी पुन्हा या. तेलुगू ओळ रिकामी असेल तर बतुकम्मा किंवा संक्रांतीच्या आधीचा आठवडा. विजापूर वेशीची असेल तर रमजान. सावजींची असेल तर सणवार न बघता कुठल्याही बुधवारी, त्याच खानावळीत, दुपारच्या निवांत वेळी.

ज्वारीच्या ताटासाठी संक्रांत गाठायची असेल तर भोगीला या. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी त्या दिवशी घरोघरी असते. पण हेच दिवस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे मध्यवर्ती रस्ते बंद असतात, लॉज आधी भरलेले असतात आणि पार्क चौकाच्या बाजूला रिक्षा मिळत नाही. राहायची सोय महिनाभर आधी करा आणि स्टेशनपासून चालत यायची तयारी ठेवा.